बोडिलच्या फ्रीजमधला माणूस

एल्सबेक गावात एकेकाळी अशी कुजबुज होती, की सभागृहाच्या स्वयंपाकघरातल्या नव्याकोऱ्या फ्रीजमध्ये बोडिलने आपला नवरा ठेवला आहे.

नवरा म्हणजे लाउरिट्स. तो आदल्या हिवाळ्यात वारला होता. सगळ्या गावाने काळे कपडे घालून त्याला चर्चमागच्या मातीत उतरताना पाहिलं होतं, आणि नंतर कॉफीबरोबर त्याच्या नावाचा केकही चापला होता. पण कुजबुजीला एवढ्याशा गोष्टीची अडचण होत नाही. "पेटी उघडून कुणी पाहिली होती का?" आस्ता विचारायची. आस्ता राहते सभागृहासमोर. तिच्या खिडकीत कुंड्यांची रांग आहे, आणि कुठल्याही दोन कुंड्यांच्या मध्ये पाहावं तर आस्ता.

तिने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बोडिल फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसलेली. फ्रीजच्या पोटाला पुरुषी चामडी पट्टा आवळलेला, तोही लाउरिट्सचाच, बकलवर घोडा असलेला. खाली फ्रीजला खेटून पुरुषाचे लाकडी बूट. आणि बोडिल त्या फ्रीजशी बोलते आहे, त्याच्या अंगावरून हात फिरवते आहे.

"एकटी बाई, बोलू दे की बिचारीला," ऐकणारे म्हणायचे.

मग आस्ता आवाज खाली आणून हुकमाचं पान टाकायची. "बोलू दे ना. पण पुरुषाच्या आवाजात उत्तर आलं, त्याचं काय?"

आता या बोडिलबद्दल सांगायला हवं. ती सभागृहाची कारभारीण. गावात लग्न असो, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांनी चर्चमध्ये आपला धर्म कबूल करायचा तो दृढीकरणाचा सोहळा असो, नाहीतर कुणाला माती देऊन आलेली मंडळी असोत, सगळ्यांची पोटं तिच्या हवाली. अंगाने आडवी, चालीने वारं, बोलण्यात काटकसर. तिचा राय धान्याच्या पावाचा केक म्हणजे या मुलखातली मानाची वस्तू. काळ्या पावाचा चुरा घालून भाजलेले थर, मधे आंबट बेरींचा मुरांबा, आणि वर फेटलेल्या सायीचा असा डोंगर, की पलीकडे बसलेला माणूस दिसू नये. आमच्याकडे कॉफीच्या टेबलावर मऊ केक वेगळे, कडक केक वेगळे, आणि पाहुण्याने एकही चुकवायचा नसतो. चुकवला तर करणारीचा अपमान आणि खाल्ले सगळे तर स्वतःच्या पट्ट्याचा. तरी माणसं बोडिलचा केक दोनदा घेत.

घेत असत, म्हणायला हवं.

कारण काही वर्षांपूर्वी एक दृढीकरणाचा सोहळा झाला. मे महिना होता. बोडिलने पेस्ट्रीच्या वाट्यांमध्ये कोंबडी आणि ॲस्परॅगसचं दाट कालवण भरून वाढलं होतं, नेहमीसारखंच. पण त्या वेळी निम्म्या गावाचं पोट असं बिघडलं, की दुसऱ्या दिवशी, रविवारी, पाद्रीबाबा प्रवचन अर्धं टाकून तरातरा बाहेर निघून गेले. लोकांना आधी वाटलं, भावना अनावर झाल्या.

बोडिलला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलायची पद्धतच नाही इथे. पण तेव्हापासून तिचं ताट पुढे आलं, की माणूस हळूच नाक खाली नेतो, हुंगतो, आणि मगच चमचा उचलतो. सवय होऊन बसली गावाला. पोरं हुंगतात, म्हातारे हुंगतात, पाद्रीबाबा प्रार्थनेला मान खाली घालतात तेव्हा दोन्ही कामं एकदम उरकतात. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून बोडिल ते बघते. शिव्या दिल्या असत्या तर तिने परत दिल्या असत्या. हुंगण्याला काय परत देणार?

तिने कोंबडीला दोष दिला, स्वतःला दिला, जुन्या फ्रीजला दिला. पण सोहळ्याच्या सकाळी फ्रीज तर घुरघुरत होता. तिने हात लावून पाहिलं होतं. मग बिघडलं कुठे? हा प्रश्न घेऊन ती झोपायची आणि त्याच प्रश्नाला उशाशी घेऊन उठायची.

लाउरिट्स गेला, पाठोपाठ तो जुना फ्रीजही गेला. नेमकं त्याच सुमारास एबे आणि वालबोर्ग यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. एबे म्हणजे गावचा जुना सुतार. सभागृहाच्या शेजारीच घर, आणि सभागृहात काहीही असलं की कॉफी करायचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडे. वालबोर्ग त्याची बायको, स्वभावाने मायाळू आणि रागाने टिकाऊ. त्यांच्या सोनेरी लग्नाची मेजवानी शनिवारी, सभागृहात, सगळ्या गावाला.

सभागृहाच्या मंडळाचा अध्यक्ष थोरवाल. डुकरं पाळतो, आणि माणसांशीही साधारण त्याच आवाजात बोलतो. तो बोडिलला म्हणाला, "नवा फ्रीज आणतो. पण एक सांगून ठेवतो, बोडिल. या खेपेला काही झालं, तर पुढची जेवणं शहरातून मागवायची असं मंडळात ठरलंय. मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही लावत," बोडिल म्हणाली, आणि घरी जाऊन कपाटातल्या सगळ्या पातेल्यांना उगाच घासत बसली. लाउरिट्स नव्हता, पोरं दूर देशी. ते स्वयंपाकघर काढून घेतलं, तर सकाळी उठून ती जाणार कुठे?

फ्रीज आणायला थोरवाल गेला तो सरळ सरहद्दीपलीकडे. आमच्याकडे जर्मनीला जातात ते बियर आणायला, आणि बियर आणायला गेलेला माणूस स्वस्त दिसेल ते सगळं घेऊन येतो. गुरुवारी सकाळी त्याचा ट्रेलर अंगणात आला. वर बियरच्या डब्यांची रास, आणि राशीखाली, पाठीवर झोपलेला, उंच पोलादी फ्रीज.

बोडिलने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "आडवा आणलास?"

"मग काय मांडीवर घेऊन येऊ?"

"खोक्यावर बाण आहेत की. वर तोंड केलेले. एवढे मोठे."

"दिसले बाण. पण उभा केला असता तर बियर कशावर रचली असती?"

चौघांनी मिळून तो आत आणला आणि उभा केला. बोडिलने त्याच्याभोवती फिरून कुठे पोचा आलाय का, मागच्या नळ्या धड आहेत का ते पाहिलं. एका कोपऱ्याला खरचटलं होतं, बाकी ठीक. चुलीपासून दूर, उन्हाच्या बाजूला नाही, अशी जागा तिने आधीच धुऊन पुसून ठेवली होती. थोरवालने फ्रीज ढकलत थेट भिंतीला टेकवला.

"पुढे घे. हात जाईल एवढी फट हवी मागे. त्याला श्वास घ्यायचाय."

"श्वास? हा फ्रीज आहे का गाभण गाय?"

"तुझ्या डुकरांना कोंडून ठेवतोस का भिंतीत? घे पुढे."

घेतला पुढे. पण स्वयंपाकघराची फरशी पाणी वाहून जावं म्हणून मोरीकडे उतरती आहे. फ्रीज जरासा पुढे झुकला, आणि त्याचं दार आपोआप उघडून मंडळींना सलाम करू लागलं. पाय फिरवून तो सरळ करायला मोठा पाना हवा, आणि पाना होता एगॉनकडे. एगॉन म्हणजे गावाचा वायरमन. तेवढ्यापुरता बोडिलने सायकलच्या मागे टोपली बांधायचा पट्टा सोडून आणला आणि फ्रीजच्या पोटाला आवळला. तो लाउरिट्सचा होता. लाउरिट्स गेल्यापासून पट्टा टोपलीलाच असायचा, कारण लाउरिट्सचे कपडे तिने वाटून टाकले होते, पण पट्टा द्यायला हात होईना.

मग तिने एगॉनला फोन लावला.

"आडवा आला?" एगॉन ओरडला. मागे कुठेतरी वारा घोंघावत होता. "मग आज हात लावू नकोस त्याला. मोटारीतलं तेल वर नळ्यांमध्ये चढलं असणार. उद्यापर्यंत उभा राहू दे, खाली उतरेल. आत्ता चालू केलास, तर मोटार कोरडी फिरून बसेल. आणि हे बघ, प्लग कसा आहे? गोल? कडेला पत्र्याच्या पट्ट्या?"

"हो."

"जर्मन. आपल्या भिंतीत जाईल तो, अगदी हौसेने जाईल. फ्रीज चालेलसुद्धा. पण अर्थिंग लागणार नाही. आपलं अर्थिंग असतं वेगळ्या पिनेत, त्यांचं त्या पट्टीत. अंग सगळं पोलादी, फरशी तुझी कायम ओली. आत कुठे वायर सोलली गेली असली, तर हात लावणाऱ्याचं काही खरं नाही. मी प्लग बदलतो, मग लाव."

"मग ये ना आज!"

"सासूच्या छपरावर आहे गं. निम्मी कौलं काढलीत. आज उतरलो तर सासू लावेल अर्थिंग. उद्या सकाळी येतो."

बोडिलने फोन ठेवला आणि खिडकीतून अंगणात पाहिलं.

अंगणात निम्मं गाव जमलं होतं. सोनेरी लग्न म्हटलं की शेजाऱ्यांनी जोडप्याच्या दाराला स्प्रूस झाडाच्या हिरव्या डहाळ्यांची कमान बांधायची, आणि जोडप्याने आपल्याला काहीच माहीत नाही असं सोंग करायचं. एबे-वालबोर्गच्या घराचे अंगणाकडचे पडदे सकाळपासून घट्ट ओढलेले. वालबोर्गने एबेला बजावून ठेवलं होतं, की कमान आधी बघितली तर पुढची पन्नास वर्षं बोलणार नाही. आणि इकडे डहाळ्या बांधणारे घामाघूम, ऊन कडक, आणि थोरवालने आणलेली बियर चहासारखी गरम. अशा वेळी स्वयंपाकघरात नवाकोरा फ्रीज उभा.

एल्सबेकची एकच मोठी खोड आहे, मदत. दार न ठोठावता आत येतात, तुमची भांडी विसळून ठेवतात, तुमचा बंद दिवा लावतात आणि लावलेला बंद करतात, आणि न सांगता निघून जातात. बोडिलला चोरांची भीती नव्हती. तिला मदतीची भीती होती. चिठ्ठी लावावी तर चिठ्ठी वाचून माणूस आधी वाद घालतो आणि मग प्लग लावतो.

म्हणून तिने फ्रीजसमोर खुर्ची टाकली, वायरीचं वेटोळं केलं, प्लग मांडीवर घेतला आणि बसली.

पहिला थोरवाल. काखेत बियरचा खोका. "एवढंच जरा ठेवतो."

"नाही."

"अगं, थंड व्हायला वेळ लागतो म्हणून तर आत्ता ठेवतो."

"बंद आहे तो."

"मग चालू कर."

"तेल उतरायचंय."

"कुणाचं?" थोरवाल म्हणाला. "तुझं कधी उतरायचं ते सांग." आणि हसत हसत गेला, पण बाहेर जाऊन काय सांगितलं कोण जाणे. त्यानंतर एकेक जण काही ना काही निमित्त काढून डोकावू लागला. एकाला सुतळी हवी होती, एकाला कात्री. आस्ता मिठासाठी आली. कमानीला मीठ कशाला लागतं?

"बोडिल, बरं आहे ना तुला?" आस्ताने विचारलं.

"मला काय झालंय?"

"नाही, लाउरिट्सचा पट्टा दिसला म्हणून विचारलं." आणि मीठ न घेताच गेली.

दुपारपर्यंत हे चाललं. पण केकचे थर बोडिलच्या घरच्या भट्टीत होते, रस्त्यापलीकडे, आणि ते काढायची वेळ झाली. शनिवारच्या केकचे थर करपले तर फ्रीज चालून उपयोग काय? तिने वायर फ्रीजच्या माथ्यावर टाकली, त्यावर पातेलं पालथं घातलं, दार ओढून घेतलं, आणि धावली. थर काढून जाळीवर ठेवले, हात पोळला, तशीच परत धावली.

दाराशी लाकडी बुटांचा जोड होता.

आमच्याकडे कुणाच्याही घरात शिरताना लाकडी बूट बाहेर काढतात. चोरसुद्धा काढेल, अशी शिस्त आहे. बोडिलने बूट पाहिले आणि आतून येणारी घुरघुर ऐकली.

आत एबे होता. सोनेरी नवरदेव. लोकरी मोज्यांत, ओल्या फरशीवर, एका हातात बियर, दुसरा हात फ्रीजच्या पोलादी अंगावर टेकून, तोंडावर दूधपित्या बाळाचं समाधान. प्लग भिंतीत.

"हात काढ!" बोडिल किंचाळली.

"कशाचा?"

"फ्रीजवरचा! एबे, हात काढ आधी!"

त्याने काढला. बोडिलने वायर कोरड्या टॉवेलमध्ये धरून प्लग उपटला. घुरघुर थांबली. ती खुर्चीवर बसली नाही, पडली.

"मुंग्या येत होत्या खऱ्या हाताला," एबे हात झटकत म्हणाला. "मला वाटलं, वय झालं."

"वय झालं असतं! इथेच झालं असतं पूर्ण! परवा लग्नाच्या केकऐवजी तुझ्या मातीचा केक केला असता मी!" तिने त्याला सगळं सांगितलं: तेल, जर्मन प्लग, अर्थिंग, ओली फरशी. एबेचा चेहरा बियरच्या फेसासारखा झाला.

"पडद्यामागे बसून बसून कंटाळलो होतो गं," तो म्हणाला. "तहान लागली. वालबोर्गला डुलकी लागली, तसा घराच्या मागच्या दाराने सटकलो. पाहिलं तर फ्रीज बंद. म्हटलं, बोडिल विसरली वाटतं, लावून टाकू."

मदत!

"किती वेळ चालू होता?"

"अर्धी बियर."

बोडिलने फ्रीजच्या बाजूला कान लावला. आत काही टपटपतं का, कुरकुरतं का, वास येतो का. काही नाही. मोटार गेली की राहिली, ते उद्या एगॉन येऊन चालू करेपर्यंत कळणार नव्हतं. "लागलं तर नाही ना रे तुला?" ती फ्रीजला म्हणाली. "थोडा दम धर हं. उद्यापर्यंत. मग कुणी नाही हात लावणार." माणूस घाबरला की काय वाटेल त्याच्याशी बोलतो.

"एवढं काय त्यात," एबे तिची समजूत घालायला म्हणाला. "प्लग काढून परत लावल्याने काही होत नाही. मी काय पहिल्यांदा करतोय? जुन्याचा तर कितीदा काढायचो. कॉफी उकळायची विजेची टाकी दुसरीकडे लागायचीच नाही. त्या दृढीकरणाच्या आदल्या संध्याकाळी नाही का, टेबलं मांडणाऱ्यांना कॉफी केली, आणि फ्रीज परत लावायचा राहिला तो राहिलाच. सकाळी उजाडल्यावर आठवलं, आलो आणि लावला. झाला की परत गार. कुणाला कळलंसुद्धा नाही."

बोडिलने मान वर केली नाही. फ्रीजवरचा तिचा हात तिथेच राहिला.

रात्रभर. कोंबडी रात्रभर बंद फ्रीजमध्ये होती. आणि सकाळी तिने हात लावून पाहिला तेव्हा तो नुकताच चालू झालेला होता.

खिडकीबाहेर सगळं गाव होतं. खिडकी उघडून एक वाक्य ओरडलं असतं की झालं असतं. तिचं तोंड उघडलंही. पण समोर त्या घराचे ओढलेले पडदे दिसले, पडद्याआडची वालबोर्ग आठवली, आणि हा म्हातारा इथे ओल्या मोज्यांत उभा. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर त्याला आपण काय बोललो ते कळायला लागलं होतं. कळणं त्याच्या तोंडावर हळूहळू उतरत होतं, नळीतून तेल उतरावं तसं.

"बोडिल," तो म्हणाला, "ती कोंबडी..."

"खाली बस."

तेवढ्यात अंगणातून पावलं आली. बाहेर जावं तर एबे सगळ्यांच्या तोंडी सापडणार, आणि वालबोर्गला कळणार की नवरा कमानीच्या शेजारून फिरून आला. एबे पटकन फ्रीजच्या आडोशाला, कोपऱ्यात बसला. बोडिलने दाराशी असलेले त्याचे बूट उचलले आणि फ्रीजला खेटून ठेवले. आणि स्वतः खुर्चीवर. खिडकीतून दिसणार ती एवढीच.

बसले ते चांगलाच वेळ. अंगण रिकामं होईना, आणि बोडिलही त्याला सोडेना. ओली फरशी खालून गार लागत होती. शेवटी तो कोपऱ्यातून म्हणाला, "गारठलो गं मी, बोडिल. कधी सोडतेस?"

"मी सांगेन तेव्हा," बोडिल फ्रीजकडे बघत म्हणाली. "माझीही पुष्कळ वर्षं गेली अशी गारठून."

खिडकीपाशी डहाळ्या वेचत असलेली आस्ता डहाळ्या टाकून तरातरा निघून गेली.

शुक्रवारी सकाळी एगॉन आला. पाय फिरवून त्याने फ्रीज लेव्हल लावून सरळ केला. दार आपोआप मिटू लागलं तसा बोडिलने पट्टा सोडून घेतला. त्याने जर्मन प्लग कापून आपल्याकडचा बसवला, अर्थिंग यंत्राने तपासलं, गळती झाली तर वीज तोडणारा स्विच दाबून पाहिला. तोवर बोडिलने सगळं प्लास्टिक सोललं, आतले पुठ्ठ्याचे तुकडे काढले, सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून पुन्हा कोरडं केलं. दुसऱ्यांदा. तिला हात रिकामे ठेववत नव्हते.

"काल कुणी लावला होता का?" एगॉनने विचारलं.

"जरा वेळ," बोडिल म्हणाली. "कोण ते विचारू नकोस."

"तू मला नको विचारूस, मी छपरावरून कसा उतरलो ते." त्याने प्लग लावला.

काहीच झालं नाही. मग एक ठोका पडला, नंतर एक उचकी, आणि फ्रीज थरथरला. बोडिलने डोळे मिटले. थरथर हळूहळू बसली आणि तिची एकसारखी, शांत घुरघुर झाली. एगॉनने मागच्या नळीला हात लावला, कान लावला, आणि मान डोलावली. "वाचला. पण आत काही ठेवू नकोस इतक्यात. रिकामा गार होऊ दे."

तिने पाण्याच्या पेल्यात तापमापक घालून आत ठेवला आणि दिवसभर त्याच्या अवतीभोवती घुटमळत राहिली. सारखं दार उघडून पाहिलं तर गार होणार नाही, आणि नाही पाहिलं तर जीव राहत नाही. पारा उतरला, थांबला, परत उतरला. तो हवा तिथे येऊन टिकला तेव्हा तिने साय आणली, मग कोंबडी, मग केक. गर्दी न करता, मागच्या भिंतीला न टेकवता, मधे वारा खेळेल असं. आणि भिंतीतल्या प्लगवर एक जाड पट्टी ठोकली. कॉफीच्या टाकीसाठी एगॉनकडून वेगळी जागाच करून घेतली.

शनिवारी सकाळी गावाने पिपाण्या वाजवत जोडप्याला उठवलं. कमान पाहून एबे इतका चकित झाला, इतका चकित झाला, की थोरवालला संशयच आला. दुपारी सभागृह भरलं. बोडिल दाराच्या फटीशी. थंडगार केक सोनेरी जोडप्यापुढे सगळ्यात आधी गेला. सायीचा डोंगर ताठ उभा होता, कडांना बारीक दव. शहराची जेवणं की तिचं स्वयंपाकघर, ते आता या ताटांवरून ठरणार होतं.

वालबोर्गने हसत ताट जवळ ओढलं, नाक खाली नेलं आणि हुंगलं.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सवय. तिच्या पाठोपाठ टेबलभर नाकं खाली गेली.

बोडिलने दाराची फट बंद करायला हात लावला, एवढ्यात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. एबे उभा होता. अजून कुणाच्या भाषणाची वेळ झाली नव्हती.

"वालबोर्ग, हुंगू नकोस," तो म्हणाला. "कुणीच हुंगू नका. त्या दृढीकरणाला बोडिलचं काही चुकलं नव्हतं. आदल्या रात्री कॉफीसाठी फ्रीजचा प्लग मी काढला, आणि सकाळपर्यंत विसरलो. तुमची पोटं मी बिघडवली."

पाद्रीबाबांनी एबेकडे असं पाहिलं, की क्षमेचं काम करणाऱ्याला शोभू नये.

मग थोरवालचा आवाज आला, "म्हणजे माझ्या तेव्हाच्या नव्या गाडीतली सीट..."

"ती पण मीच," एबे म्हणाला.

आधी वालबोर्ग हसली, मग सगळं सभागृह. हसता हसता तिने केकचा मोठा तुकडा न हुंगता तोंडात घातला, आणि नवऱ्याला म्हणाली, "पन्नास वर्षं तुझी कॉफी पितेय, आणि आज कळतंय ती कशावर उकळत होतास." त्या दिवशी बोडिलचा केक उरला नाही. शहरातून जेवणं मागवायचा विषय मंडळात परत निघाला नाही.

गुरुवारचं मात्र एबेने सांगितलं नाही, आणि बोडिलनेही नाही. सांगितलं असतं, तर त्याने कमान आधीच पाहिली होती हे वालबोर्गला कळलं असतं. म्हणून आस्ताची कुजबुज वर्षभर चालली, आणि बोडिल ती ऐकत, काही न बोलता भांडी घासत राहिली. वालबोर्ग गेल्यावर एबेनेच ते सगळ्यांना सांगितलं.

फ्रीज रिकामा होता. आडवा आणला होता म्हणून तो उभा ठेवावा लागला, आणि प्लग जर्मन होता म्हणून राखावा लागला. पट्टा दार मिटायला होता. बूट एबेचे होते, आणि आवाजही त्याचाच.